भागीदारांच्या शोधात संशोधक

आपल्या कुटुंबांतील काही मुलेमुली संशोधनासाठी युरोपात गेली आहेत. त्यांच्या बोलण्यात 'ब्रोकरेज इव्हेंट' हा शब्द येतो. त्यावरून दलालीचा संशय येईल. परंतु तसे काही नाही. हे भागीदार शोधण्याचे मेळावे होत. त्यांची थोडक्यात ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

युरोपातील देशांनी संशोधनासाठी सामाईक निधीचा पहिला कार्यक्रम १९८४ साली सुरू केला. हल्लीचा 'होरायझन युरोप' हा कार्यक्रम २०२१ ते २०२७ या सात वर्षांचा असून त्याचा मूळ निधी सुमारे ९५.५ अब्ज युरो होता. संयुक्त प्रकल्पास यातून पैसा हवा असेल, तर साधारणपणे तीन निरनिराळ्या देशांतील किमान तीन स्वतंत्र संस्थांनी एकत्र यावे लागते. हे देश युरोपीय संघाचे सभासद किंवा सहयोगी असावेत आणि निदान एक संस्था सभासद देशातील असावी, अशी अट आहे.

मोठ्या विद्यापीठांची एकमेकांशी जुनी ओळख असते. लहान गावातील कारखानदाराने किंवा नवख्या संशोधकाने परदेशी सोबती कोठून आणावा? मेळावा आहे तो त्याच्यासाठी.

रीत वधूवर मेळाव्यासारखीच आहे. प्रत्येकजण आपली माहिती आधी नोंदवतो, इतरांची वाचतो आणि भेटीची वेळ मागून घेतो. काहींस व्यासपीठावरून दोनचार मिनिटे आपली कल्पना मांडता येते. मग समोरासमोर भेटी होतात. एकेक भेट पंधरावीस मिनिटांची. तेवढ्यात करार होत नाही. पुढे पत्रव्यवहार करावयाचा की नाही, एवढेच ठरते. खरे काम त्यानंतरचे. अर्जाची परीक्षा स्वतंत्र तज्ज्ञ करतात. कल्पनेच्या गुणवत्तेबरोबर तिचा परिणाम आणि काम पार पाडण्याची तयारीही ते पाहतात. म्हणून नावापुरता जमवलेला भागीदार उपयोगी पडत नाही.

शाळेत आम्ही मुलांस येते ते सांगावयास लावतो. येथे मात्र आपल्याजवळ काय नाही, तेही स्पष्ट सांगावे लागते. कारण सोबती त्या उणिवेसाठीच हवा असतो.

भारतीय संस्थांसही अशा प्रकल्पांत भाग घेता येतो. मात्र आपला खर्च सामान्यतः त्यांनाच उभा करावा लागतो. पीएच.डी. झालेल्या तरुणांस मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पाठ्यवृत्तीसाठी राष्ट्रीयत्वाची आडकाठी नाही. त्यांनाही प्रथम यजमान संस्था शोधावी लागते. आपल्या घरातील होतकरू मुलांच्या कानावर पालकांनी एवढे जरूर घालावे. ओळख नाही म्हणून कोणी दारातूनच परत फिरू नये, एवढीच आमची इच्छा.