दिवा विझण्याआधी
बटण दाबल्यावर खोलीत अंधार होण्याआधीच 'कूल पापा' बेल अंथरुणात शिरलेला असे, असे त्याचा सहकारी सॅचेल पेज सांगे. (खरे तर ते बटणच बिघडलेले होते!) अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलमधला हा वाऱ्यासारखा धावणारा खेळाडू १९२२ साली सेंट लुईस स्टार्समध्ये आला. चेंडू टाकला जात असताना पळून पुढचा बेस गाठणे, म्हणजे बेस 'चोरणे', यात त्याचा हातखंडा. पण गोऱ्यांच्या संघांची दारे बंद आणि त्याच्या कित्येक सामन्यांची धड नोंदही नाही. म्हणून आख्यायिकाच फार. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनसाठी दार उघडले, तेव्हा बेलने चाळिशी ओलांडली होती. पुढे तो सेंट लुईसच्या नगरभवनात रात्रीचा पहारेकरी झाला. १९७४ साली हॉल ऑफ फेमने त्याला सन्मानाने आत घेतले. सापडतील तेवढे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत आले ते २०२४ साली. बेल १९९१ मध्येच गेला होता.