स्टेइंग अलाइव्ह

‘सॅटरडे नाइट फीव्हर’ (१९७७) या अमेरिकन चित्रपटासाठी ‘बी जीज’ या वृंदाने रचलेले व गाइलेले इंग्रजी गीत. डिस्को या नृत्यसंगीतप्रकारातील अत्यंत प्रसिद्ध गीतांत त्याची गणना होते. ध्वनिफीत कापून व जोडून सिद्ध केलेला अखंड ताल हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य. या तालामुळेच पुढे वैद्यकीय प्रथमोपचारांच्या प्रशिक्षणातही या गीताला स्थान मिळाले.

बॅरी गिब (१९४६– ) आणि रॉबिन (१९४९–२०१२) व मॉरिस (१९४९–२००३) हे त्याचे जुळे धाकटे भाऊ मिळून ‘बी जीज’ हा वृंद झाला. १९७७ च्या प्रारंभी ते फ्रान्समध्ये पॅरिसच्या वायव्येकडील एरूव्हील येथे, एका जुन्या वाड्यातील ध्वनिमुद्रणगृहात काम करीत होते. त्यांचा व्यवस्थापक रॉबर्ट स्टिगवुड हाच नियोजित चित्रपटाचा निर्माता होता. त्याने दूरध्वनीवरून गीतांची मागणी केली. पटकथा न वाचताच या बंधूंनी अल्पावधीत काही गीते रचली; प्रस्तुत गीत त्यांपैकीच होय.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी वृंदाचा ड्रमवादक डेनिस ब्रायन यास कौटुंबिक कारणास्तव मायदेशी जावे लागले. यांत्रिक तालवाद्य वापरून पाहिले, पण त्याचा नाद समाधानकारक वाटला नाही. तेव्हा ॲल्बी गालुटेन व कार्ल रिचर्डसन या सहनिर्मात्यांनी निराळा उपाय योजला. आधी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘नाइट फीव्हर’ या गीतातील ब्रायनच्या वादनाचा दोन आवर्तनांचा, म्हणजे आठ मात्रांचा, तुकडा त्यांनी वेगळ्या फितीवर उतरवून घेतला व त्या फितीची दोन्ही टोके जोडून तिचे वलय बनविले. हे वलय यंत्रावर फिरत राहिले, की तोच तुकडा दर चार-पाच सेकंदांनी पुन्हा ऐकू येई. वादन माणसाचेच असल्याने आघातांतील जिवंतपणा टिकला. मात्र लय एकदाही पुढेमागे झाली नाही. या पायावर गिटार, तंतुवाद्ये व बॅरीचा उंच पट्टीतील स्वर चढविण्यात आला. मुद्रिकेच्या वेष्टनावर ड्रमवादक म्हणून बर्नार्ड लूप हे काल्पनिक नाव छापले गेले; त्यात बर्नार्ड पर्डी या नामांकित ड्रमवादकाच्या नावावर कोटी केलेली होती.

गीताचे बोल मात्र नृत्यानंदाचे नाहीत. महानगराच्या रस्त्यांवर कसेबसे तग धरणाऱ्या माणसाची धडपड व मदतीची हाक त्यांत आहे. जॉन बॅडम दिग्दर्शित या चित्रपटाच्या आरंभी टोनी हा ब्रुकलिनमधील रंगाच्या दुकानात काम करणारा तरुण (जॉन ट्रॅव्होल्टा) हाती रंगाचा डबा घेऊन रस्त्याने ऐटीत चालत जातो. या दृश्याला हेच गीत पार्श्वभूमी म्हणून योजले आहे. ऐट आणि अगतिकता यांचा तो मेळ चित्रपटाचे सार प्रारंभीच सांगून टाकतो.

डिसेंबर १९७७ मध्ये स्वतंत्र मुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झालेले हे गीत फेब्रुवारी १९७८ मध्ये अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले व तेथे चार आठवडे राहिले. चित्रपटाच्या गीतसंग्रहास १९७९ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार लाभला. त्याच वर्षी डिस्कोविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली; १२ जुलै रोजी शिकागोतील कोमिस्की पार्क या क्रीडागारात डिस्को मुद्रिकांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. या लाटेचा फटका ‘बी जीज’ लाही बसला. फीतवलयाचे तंत्र मात्र टिकले. संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या ध्वनिमुद्रणात लहान तालखंडाची पुनरावृत्ती ही नित्याची रीत होऊन बसली.

या गीताची गती मिनिटाला सुमारे १०३ मात्रा आहे. हृदयक्रिया बंद पडलेल्या व्यक्तीस सीपीआर हा प्रथमोपचार देताना छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते. घाबरलेल्या माणसाच्या हातून हा वेग सहज चुकतो. २००८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या पिओरिया येथील वैद्यक महाविद्यालयात १५ डॉक्टर व विद्यार्थ्यांवर एक लहान प्रयोग झाला. त्यांनी प्रथम हे गीत ऐकत व पाच आठवड्यांनी ते केवळ मनात आठवत सराव केला. दोन्ही वेळा अपेक्षित वेग साधला. पुढे अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थेनेही लोकशिक्षणासाठी या गीताचा उपयोग केला. गीतामुळे केवळ वेग साधतो. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबणे व प्रत्येक दाबानंतर ती पूर्ववत होऊ देणे यांसाठी प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक असते. ‘जिवंत राहणे’ या अर्थाचे शीर्षक असलेल्या गीताचा जीव वाचविण्याच्या कामी झालेला हा उपयोग त्याच्या रचनाकारांच्या कल्पनेतही नव्हता.