खिळ्यांच्या फळीपासून कृष्णविवरापर्यंत

नारायणगावहून खोडदच्या बाजूला निघालात की शेतांमागून प्रचंड तबकड्या डोकं वर काढू लागतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्यांची ही दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपते. त्यांत कृष्णविवरांच्या आसपासून निघालेल्या लहरीही असतात. आज मात्र बोलायचं आहे ते नाणं टाकून खेळायच्या कृष्णविवराबद्दल.

तुमच्यापैकी अनेकांनी सुट्टीत बॅगाटेल खेळलं असेल. उतरती फळी, खिळ्यांची कुंपणं, स्प्रिंगचा दांडा आणि स्टीलच्या गोळ्या. दांडा सोडला की आपलं काम संपलं. पुढे गोळी जाणे आणि खिळे जाणोत! पिनबॉल हे याच खेळाचं विजेवर चालणारं भावंड. हा नशिबाचा खेळ, म्हणजे जुगारच, असं म्हणून न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये त्यावर बंदी घातली. ती थेट १९७६ मध्ये उठली.

खरं तर १९४७ मध्येच चित्र पालटलं होतं. गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात फ्लिपर आले. बटण दाबलं की फटका मारणारे हे छोटे हात. घरंगळत येणारा ८० ग्रॅमचा चेंडू आता नेम धरून परत वर धाडता येऊ लागला. माझ्या मते इथे खेळणाऱ्याला पहिल्यांदा खरं काम मिळालं.

याच कंपनीचं १९८१ मधलं 'ब्लॅक होल' मला सर्वांत हुशार वाटतं. त्याला दोन मजले आहेत. वरच्या पटाला काचेची खिडकी, तिच्यातून खालचा पट दिसतो. चेंडू 'विवरात' पडला की खाली जातो, आणि गंमत अशी की खालचा उतार उलटा आहे! चेंडू आपल्याकडे येण्याऐवजी दूर घरंगळतो, फ्लिपरही पलीकडच्या टोकाला. हाताला लागलेली सवय तिथे फसते. निशाणं पाडून परतीचं दार उघडलं तर चेंडू वर येतो, नाहीतर गेलाच.

मग यंत्रालाच धक्का द्यावा? थोडा चालतो. पण आत गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक लोलक कड्यात टांगलेला असतो. धक्का जोराचा बसला की तो कड्याला टेकतो, फ्लिपर निर्जीव होतात आणि चेंडू आपल्या डोळ्यांदेखत खाली जातो.