काढून टाकलेला थर्मोस्टॅट

बुऱ्हाणपूरच्या गॅरेजात जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “अपने यहाँ इसकी क्या ज़रूरत? निकाल दो.” ‘इसकी’ म्हणजे थर्मोस्टॅटची. इच्छापूर ओलांडून रावेर-भुसावळकडे गेलात तर हाच सल्ला मराठीत मिळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तिथे इंजिनाचं पाणी अडवून ते तापवणारी वस्तू कशाला ठेवायची? युक्तिवाद इतका बिनतोड वाटतो की शिकलेसवरलेले लोकही मान डोलावतात. मी तो गेली वीस वर्षं ऐकतोय आणि आता ऐकवत नाही.

गेल्या जानेवारीत एका स्नेह्यांबरोबर पहाटे असीरगडला निघालो होतो. त्यांच्याकडे १९६०च्या दशकातली एमजीबी आहे. दोन सीटची, कापडी टपाची, बसल्यावर रस्ता हाताला लागेल की काय असं वाटायला लावणारी. सातपुड्याचा गारठा टपाच्या फटींतून आत येत होता आणि हीटर लावला तर तोही गारच वारा फेकत होता. “जाळी चोक झालीय, गॅरेजवाला म्हणाला,” स्नेही म्हणाले. पुढे त्यांनी हीटरच्या आतली ती पाण्याची जाळी इंग्लंडहून मागवली. एमजीबीचा हीटर बॉनेटखाली, काचेच्या बाजूच्या पत्र्यावर बसवलेला असतो. तो बाहेर काढणं ही मेकॅनिकच्या सहनशीलतेची परीक्षा असते. दोन दिवस मोडून नवी जाळी बसली. हीटर गारच. मग कुणीतरी थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. वरचं पॅकिंग मात्र नवंकोरं होतं.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा एक स्वयंचलित दरवाजा. आत मेण असतं. पाणी ठरावीक अंशांपर्यंत तापलं की मेण वितळतं, फुगतं आणि झडप उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही. झडप पूर्ण उघडली की थर्मोस्टॅटचं काम संपतं, पुढे जे काही थंड करायचं ते रेडिएटर करतो. म्हणजे थर्मोस्टॅट तापमानाची खालची हद्द ठरवतो, वरची नव्हे. गाडी उन्हाळ्यात उकळत असेल तर दोष वरच्या हद्दीत आहे: रेडिएटर क्षाराने बुजलाय, पंख्याचा पट्टा सैल आहे, वॉटर बॉडीचं, म्हणजे पाण्याच्या पंपाचं, पातं झिजलंय किंवा टायमिंग मागे पडलंय. खालचा दरवाजा उपटून वरचं छप्पर दुरुस्त होत नाही.

आणि उष्ण प्रदेशाचं म्हणाल, तर इंजिनाला त्याच्या कामासाठी ८०-९० अंश हवे असतात. त्याच्या हिशेबाने बुऱ्हाणपूरचा मे महिनाही थंडच.

यावर विश्वास बसत नसेल तर गाडी बनवणाऱ्यांचं ऐका. एमजीबीच्या पुस्तिकेत थर्मोस्टॅटचे तीन आकडे दिलेत: सर्वसाधारण ८२ अंश, थंड देशांसाठी ८८, उष्ण देशांसाठी ७४. उष्ण देशांचा विचार ॲबिंग्डनच्या कारखान्यात झाला होता आणि त्यांचं उत्तर ‘काढून टाका’ असं नव्हतं, ‘आठ अंश आधी उघडणारा लावा’ असं होतं. आपल्या मिस्त्रीला ॲबिंग्डनपेक्षा जास्त कळतं असं मानायला माझी हरकत नाही, पण त्याने कारण तरी द्यावं.

न्यायाने सांगायचं तर या समजुतीला एक जन्मकथा आहे. जुना थर्मोस्टॅट कधीकधी बंद अवस्थेतच अडकतो आणि मग गाडी खरोखर उकळते. कुठल्यातरी भर उन्हात कुठल्यातरी ट्रकवर हे घडलं, मिस्त्रीने तो काढून फेकला, गाडी चालू लागली. तिथवर बरोबर. अडकलेला काढायलाच हवा. चूक पुढची आहे: नवा बसवला नाही. तात्पुरता इलाज कायमचा झाला आणि उस्तादाकडून पोऱ्याकडे परंपरेने उतरला.

नसल्याने बिघडतं काय? थंडीच्या पहाटे इंजिन तापायला फार वेळ घेतं, हायवेवर तर तापतच नाही. चोक ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, आणि जास्तीचं कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. शिवाय पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एका लिटरमागे साधारण लिटरभर. गरम इंजिनातून ते वाफ होऊन जातं, थंड इंजिनात त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून लोण्यासारखा फिकट थर दिसला की हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरणारे पुष्कळ आहेत. आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा.

आणखी एक गंमत. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटची झडप उघडताना पाण्याची आतली आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर ती आडवाट कायम उघडी राहते, निम्मंअर्धं पाणी रेडिएटरला न शिवता परत इंजिनात जातं आणि गाडी उन्हाळ्यात उलट जास्त तापते. इथे आमच्या बाजूचे लोकही एक चूक करतात. ‘पाणी फार वेगाने पळतं, त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही’ असं ते समजावतात. तेही खोटं. पाणी जितकं जोरात फिरेल तितकी उष्णता जास्तच निघते. दोष वेगाचा नाही, चुकलेल्या वाटेचा आहे. “शर्यतीवाले काढतात की!” हा शेवटचा बाण असतो. काढतात, पण पुष्कळदा त्या जागी मोजून बनवलेली कडी बसवतात, आणि त्यांचं इंजिन दर मोसमाला उघडलं जातं. तुमचं कधी उघडलं होतं?

आता हीटरकडे येऊ, कारण तिथे दुसरा मोठा गैरसमज आहे: हीटर लावला की पेट्रोल जळतं. हमामात पाण्याखाली वेगळा जाळ घालावा लागतो, आणि आमच्या शाही किल्ल्यातला मुघल हमाम बघून आलेल्यांच्या डोक्यात तेच चित्र असावं. गाडीत जाळ आधीच पेटलेला आहे. पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा इंजिनाच्या पाण्यात जातो आणि रेडिएटर तो वाऱ्यावर उधळतो. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटर, एवढंच की त्याचा वारा आपल्या पायांवर येतो. खर्च होतो तो पंख्याच्या विजेचा. म्हणूनच गाडी घाटात तापायला लागली की हीटर पूर्ण उघडा, तापमान उतरेल. बसणाऱ्यांचे हाल होतील ते वेगळे. गोव्यात बनलेली फायबरग्लासच्या बॉडीची सॅन स्टॉर्म असो, कुर्ल्याची पद्मिनी असो, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला आणि त्याच पाण्यावरच्या हीटरला हे लागू आहे. जुन्या पोर्श ९११ ला नाही. तिथे वारा सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम नळ्यांभोवती फिरून आत येतो. त्या गाडीत हीटर लावल्यावर धुराचा वास आला तर काचा उघडा आणि थांबा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

हीटर गार असेल तर पान्याला हात लावण्याआधी स्वतःचा हात वापरा. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, तापमानाचा काटा बघा. काटा वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. माझ्या स्नेह्यांचा काटा सबंध प्रवासभर खाली लोळत होता, तेवढं एक कुणी पाहिलं असतं तर इंग्लंडचं पार्सल वाचलं असतं. काटा ठीक असेल तर हीटरला जाणारे दोन होज पाईप चाचपा, पंख्याच्या पट्ट्यापासून शर्टाची बाही जपून. दोन्ही गरम असतील तर पाण्याची बाजू सुरळीत आहे, दोष वाऱ्याच्या झडपेत, तिच्या तारेत किंवा पंख्यात. एक गरम, एक गार: जाळी बुजलीय किंवा आत हवा अडकलीय. दोन्ही गार: हीटरची तोटी उघडत नाही. एमजीबीत ही तोटी सिलिंडर हेडवर असते आणि डॅशबोर्डावरच्या नॉबची तार तिला ओढते. तार गंजून घसरते, नॉब फिरतो, तोटी ढिम्म.

हवा अडकली असेल तर गाडी नाक वर करून चढावर लावा, हीटरची तोटी उघडी ठेवून थंड इंजिनात सावकाश कूलंट भरा, होज दाबून दाबून बुडबुडे काढा. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण ‘जरा बघू’ म्हणून उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नसतं, झाकण सुटताच उकळतं, तोंडावर.

‘कूलंट लडाखवाल्यांसाठी, आपल्याला नळाचं पाणी चालतं’ याचं उत्तर आमच्याच गावात जमिनीखाली आहे. कुंडी भंडारा १६१५ सालचा, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी शंभराहून अधिक कुंड्यांना जोडणाऱ्या भुयारातून शहराकडे येतं. लिफ्टने खाली उतरलात की भिंतींवर चुन्याचा पांढरा थर दिसेल, जाड, दगडासारखा. तिथे तो थंड पाण्याने चारशे वर्षांत चढवला. पाणी रोज तापवलं तर क्षार त्याहून लवकर सुटतात, आणि हीटरच्या जाळीतली वाट भुयाराएवढी नसते, चपट्या बारीक नळीएवढी असते. कूलंटमधलं ग्लायकॉल गोठणं थांबवतं तसं उकळणंही पुढे ढकलतं, आणि त्यातली रसायनं गंज रोखतात. डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्मं मिसळा. रंगावर जाऊ नका, रंग नुसता रंग असतो. तांब्या-पितळेच्या, डाग दिलेल्या जुन्या रेडिएटरला चालेल असं डब्यावर लिहिलंय का ते वाचा.

हीटर हिवाळ्यातच लागतो? आषाढात समोरची काच आतून धुरकटली की कळेल. त्या धुरकटपणाला गोडसर वास आणि बोटाला चिकटपणा असेल तर मात्र तो पाऊस नव्हे, जाळी गळतेय.

जुना थर्मोस्टॅट चांगला की वाईट हे घरच्या गॅसवर कळतं. पातेल्यात पाणी, त्यात तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर. थंड पाण्यात झडप घट्ट बंद हवी. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास ती हलू लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजात गाड्यांतून काढलेले थर्मोस्टॅट तारेत ओवून भिंतीवर टांगलेत, पितळेची माळच. त्यातले पाच मी मागून आणले आणि आमच्या स्वयंपाकघरात, घरच्यांचा रोष पत्करून, उकळले. एक अडकलेला निघाला. बाकीचे चार व्यवस्थित उघडले. त्यातल्या एकावर ७४ कोरलेलं होतं.