विश्लेषण : रावणदहनाचा व्हिडीओ पांढरा का पडतो? बदलत्या उजेडात कॅमेरा कसा सांभाळावा?

हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रावणदहन पाहायला रामलीला मैदानावर मोठी गर्दी होते आणि हजारो मोबाइल उंचावतात. मात्र अनेकांच्या व्हिडीओत रावणाऐवजी पांढरा डागच उमटतो. पुतळा काही मिनिटांत जळून जातो, पुन्हा संधी वर्षभराने. मग ही चूक कशी टाळायची?

कॅमेरा नेमका कशाला फसतो?

ऑटो मोडमधला कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढून ती मध्यम राखाडी छटेच्या आसपास ठेवू पाहतो. रात्रीचे आकाश काळे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि ज्वाळा करपून पांढऱ्या होतात. आग भडकली की तोच कॅमेरा एकदम अंधार करतो. व्हिडीओतली ही उघडझाप डोळ्यांना खुपते. शिवाय पूर्ण पांढरा पडलेला भाग एडिटिंगमध्येही परत मिळत नाही.

शटर किती ठेवावे?

व्हिडीओसाठी शटर आधी ठरवून टाकावे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०. त्यामुळे हालचाल नैसर्गिक दिसते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० शटरला त्यांचे पट्टे सहसा दिसत नाहीत, १/६० ला दिसू शकतात.

दिवसा आणि सांजवेळी काय बदलावे?

भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० असेल तर अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत बंद करावे लागते. त्याऐवजी लेन्सवर एनडी ८ फिल्टर लावल्यास उजेड आठपट कमी होतो आणि एफ ८ वर काम भागते.

ऑक्टोबरमध्ये हिंगोलीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतरच्या वीस-बावीस मिनिटांत उजेड सुमारे शंभरपट घटतो. फोटोग्राफीच्या भाषेत हे जवळपास सात स्टॉप, कारण प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो. फिल्टर आधीच काढून ठेवावा. अ‍ॅपर्चर एफ ५.६ वरून एफ २.८ केल्यास दोन स्टॉप मिळतात. आयएसओ १०० वरून ३२०० पर्यंत नेल्यास उरलेले पाच. मिरवणुकीसारख्या सलग चित्रीकरणात ऑटो आयएसओ ठेवून त्याला कमाल मर्यादा घालणे सोयीचे. त्याहून वर गेल्यास चित्रात दाणे दिसू लागतात.

प्रत्यक्ष दहनाच्या वेळी?

आग लागण्यापूर्वी ऑटो आयएसओ बंद करावा. पुतळा अंधारात थोडा काळपट दिसला तरी चालेल, कारण पेटल्यावर तो स्वतःच प्रकाश देणार आहे. कॅमेऱ्यात झेब्रा पट्ट्यांची सोय असेल तर ज्वाळांच्या गाभ्यावर त्या थोड्याच दिसाव्यात. सगळी आग पट्ट्यांनी भरली की आयएसओ निम्मा करावा. व्हाइट बॅलन्सही कायम करावा, नाहीतर कॅमेरा आगीचा नारिंगी रंग फिका करून टाकतो.

फक्त मोबाइल असेल तर?

बहुतेक मोबाइलचे अ‍ॅपर्चर स्थिर असते. पुतळा पेटताच ज्वाळेवर बोट दाबून धरावे, एक्स्पोजर लॉक होईल. मग सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढावे. शेजारच्यांचे चेहरे काळोखात जातील, पण दहा तोंडे मात्र स्पष्ट मोजता येतील.