पदरात मूल आणि लष्करी नर्सिंग

नवरा वारलेला असतो किंवा घटस्फोट झालेला असतो. पदरात पाच-सहा वर्षांचे मूल असते आणि हाताशी बी.एस्सी. नर्सिंगची पदवी. खासगी रुग्णालयातल्या पगारात घरभाडे आणि शाळेची फी यांची तोंडमिळवणी होत नाही. अशा वेळी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची जाहिरात नजरेला पडते. ‘मला घेतील का?’ हा मनात येणारा पहिला प्रश्न. ‘घेतले, तर मुलाचे काय?’ हा दुसरा, आणि खरा अवघड प्रश्न तोच.

आधी पहिल्याचे उत्तर पाहू. १८८८ साली दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या, तिथून भारतातल्या लष्करी परिचर्येची सुरुवात झाली. १ ऑक्टोबर १९२६ हा या सेवेचा स्थापना दिन. इथली परिचारिका अधिकारी असते. सुरुवात लेफ्टनंट या हुद्द्यापासून होते आणि वरची पायरी मेजर जनरलची असते.

एके काळी इथे लग्न केले म्हणूनही नोकरी जात असे. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये याच कारणाने सेवेतून मुक्त केले गेले. तो नियम १९९५ मध्ये मागे घेण्यात आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. लग्नावरून स्त्रीला नोकरीतून काढणे हा उघड भेदभाव आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

आज या सेवेत शिरण्याच्या वाटा दोन. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी चार वर्षांचे शिक्षण घेऊन, ही पहिली. तिथे अविवाहित मुलींबरोबर विधवा व घटस्फोटितांनाही अर्ज करता येतो, पण कोणाची जबाबदारी अंगावर नसावी, अशी अट असते. म्हणजे मूल असलेल्या आईला ही वाट जवळपास बंदच. दुसरी वाट शॉर्ट सर्व्हिस कमिशनची. बाहेर पदवी घेऊन नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी ती आहे. २०२३-२४ च्या भरतीत वयाची अट २१ ते ३५ वर्षे होती. जाहिरातीतले वैवाहिक स्थितीचे कलम मात्र प्रत्येक वेळी शब्दन् शब्द वाचावे.

ही नोकरी ठरावीक वर्षांची असते, हेही ध्यानात ठेवावे. अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाला साधारण २० वर्षांची सेवा लागते. पगार चांगला असला तरी पुढची तजवीज आपली आपणच करायची.

आता मुलाचा प्रश्न. परिचारिकेला रात्रपाळी चुकत नाही, आणि लष्करात तिच्या जोडीला बदली येते. आज पुण्याचे कमांड हॉस्पिटल, तर उद्या लेह किंवा श्रीनगर. जिथे कुटुंब नेता येते तिथे सोयी असतात: लष्करी रुग्णालयात मुलावर उपचार होतात, आणि बदली होऊन आलेल्यांच्या मुलांना केंद्रीय विद्यालयात वर्षाच्या मध्येही प्रवेशाची तरतूद आहे. महिला अधिकाऱ्यांना मूल १८ वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून ३६० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पण रजा मंजूर व्हावी लागते. ऐन गरजेच्या दिवशी ती मिळेलच असे नाही.

अमेरिकी सैन्यात यावर एक पद्धत आहे. एकट्या पालकाला तिथे मुलाच्या देखभालीची योजना लेखी द्यावी लागते. तातडीने मुलाला कोण सांभाळेल, दीर्घ काळ कोण सांभाळेल, पैसे कुठून येतील, कागदपत्रे कोणाकडे असतील, हे सारे त्यात असते. आपल्याकडे कोणी मागो न मागो, असा कागद आपण स्वतः करून ठेवायला काय हरकत आहे? ‘आई आहे ना, बघेल’ एवढ्याने भागत नाही. आई सत्तरीची असेल तर दुसरे नावही हवे, आणि त्या व्यक्तीशी स्पष्ट बोलणे झालेले हवे.

कायद्याची बाजूही तपासून घ्यावी. घटस्फोटाच्या हुकुमात मुलाच्या ताब्याच्या आणि वडिलांच्या भेटींच्या अटी असतील, तर मुलाला परराज्यात नेण्याआधी वकिलाला विचारावे. कदाचित न्यायालयाची परवानगी लागेल. हिंदू विधवा आईला १९५६ च्या कायद्यानुसार मृत्युपत्राद्वारे मुलाचा पालक नेमता येतो. हे कागद अर्जाच्या आधी व्हावेत.

आणि मुलाशीही बोलावे. पाच वर्षांच्या मुलालाही ‘आई काही महिने लांब असेल, तू आजीकडे राहशील’ हे कळते. न सांगता गेलेली आई मात्र त्याला समजत नाही.

सांभाळणारी दोन विश्वासाची माणसे असतील, तर अर्ज जरूर करावा. एकही नसेल, तर सध्या शासकीय रुग्णालयातली नोकरी पाहावी आणि वयाच्या मर्यादेवर नजर ठेवून थांबावे. मूल थोडे मोठे झाल्यावर पुन्हा विचार करता येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)