‘ब्रेक फेल’ म्हणजे नक्की काय फेल?

अपघाताच्या बातमीत दोन शब्द हमखास भेटतात: ‘ब्रेक फेल’. ते छापून आले, की पुढे कोणी काही विचारत नाही. वीज पडावी तसा ब्रेक फेल झाला, त्याला कोण काय करणार? वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो.

मी भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपच्या तपासणी विभागात तीसएक वर्षे काढली. तिथे एखादा भाग नापास झाला, तर कागदावर नुसते ‘खराब’ लिहून भागत नसे. कुठे खराब, किती खराब, कशामुळे खराब, हे लिहावे लागे. ती सवय अजून सुटलेली नाही. म्हणून ‘ब्रेक फेल’ वाचले, की मनात प्रश्न येतो: अहो, पण नक्की काय फेल झाले?

हा प्रश्न इतर कोणी विचारला नाही तरी चालेल. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या माणसांनी मात्र विचारलाच पाहिजे. कारण गाड्या इथे बनतात. टेल्कोने १९६६ साली इथे कारखान्याचा पाया घातला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने तर मराठीला एक शब्दच देऊन टाकला. माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी आपल्याकडे ‘टेम्पो’च. टेल्कोची टाटामोबाइल १९८८ ची. मग २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. पुढे चाकणचा माळ कांद्याबरोबर मोटारींसाठीही ओळखला जाऊ लागला. आज या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस असा सापडेल, की ज्याच्या हातून गाडीचा कुठला ना कुठला भाग गेलेला असतो.

आणि त्याच घरात दुसरा एखादा असा असतो, की ज्याचे पोट पिकअपवर चालते. कुणी भाजी नेतो, कुणी पाण्याचे जार, कुणी कारखान्याचे सुटे भाग. गाडी कर्जाची असते, हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो, पहाटे शेजारच्या सीटवर वडील नाही तर धाकटा भाऊ बसलेला असतो. अशा नव्याकोऱ्या गाडीचा ब्रेक दगा देतो, तेव्हा तो एका घराचा प्रश्न होतो.

पायाला मदत कोणाची?

पॉवर ब्रेक ही काय चीज आहे, ते आधी पाहू. पायाने पेडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांपर्यंत दाब पोचवते. दीड-दोन टन माल भरलेली गाडी थांबवायची, तर नुसत्या पायाचा जोर अपुरा पडतो. म्हणून पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये डब्यासारखा एक भाग बसवतात. तो बूस्टर. डब्याच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा काढलेली असते. पेडल दाबले, की एका बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला ढकलते. नऊ इंच व्यासाचा पडदा असेल, तर हा रेटा पावणेतीनशे ते तीनशे किलोंच्या घरात जातो. पायाला मदत करणारा हा अदृश्य गडी!

पेट्रोलच्या गाडीत ही हवा इंजिनच ओढून घेते. डिझेलच्या इंजिनाला ते साधत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ डिझेल पिकअपांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो आणि अल्टरनेटर फिरतो पट्ट्यावर. म्हणजे पट्टा तुटला, तर बॅटरीचे चार्जिंगही गेले आणि ब्रेकची मदतही गेली. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, की ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुद्द्याची गोष्ट. बूस्टर गेला म्हणजे ब्रेक गेला असे नव्हे. मदत गेलेली असते, ब्रेक शिल्लक असतो. पेडल दगडासारखे कडक होते. पण सगळा जोर लावून दाबले, तर गाडी थांबते, फक्त जास्त अंतर घेते. याउलट ब्रेक ऑइल गळाले, नळीत हवा शिरली किंवा ऑइल उकळले, तर पेडल मऊ पडून थेट तळाला जाते. दोन्ही वेळा ड्रायव्हर म्हणतो, ‘ब्रेक लागला नाही.’ दोन्ही वेळा बातमीत येते, ‘ब्रेक फेल’. दोन रोग अगदी वेगळे, आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

पेडल कडक झाले, तर ते पुन्हा पुन्हा दाबू नये; उरलीसुरली मदतही संपते. दोन्ही पायांनी दाबावे आणि सोडू नये. पेडल तळाला गेले, तर मात्र भराभर पंप मारावा. दोन्ही प्रसंगी गियर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी चालती असेतो इंजिन बंद करू नये.

डिझेल वाचले आणि...

इंजिन बंद केले, तर काय होते? बूस्टरच्या नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप असते. तिच्यामुळे इंजिन बंद पडल्यावरही दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरती मदत शिल्लक राहते. त्यानंतर पेडल कडक. मोठ्या ट्रकांत व्हॅक्यूमऐवजी दाबाची हवा असते, पण गणित तेच. इंजिन बंद, म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीतली हवा संपेपर्यंतचा खेळ.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या बाह्यवळण मार्गावर नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर एकामागून एक अशी ४८ वाहने ठोकरली. पहिल्या बातम्यांत कारण होते ‘ब्रेक फेल’. पुढे प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितले, की डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते. पहिल्या दिवशीच्या दोन शब्दांवर समाधान मानले असते, तर ही गोष्ट कळलीच नसती. घाट उतरताना गाडी बंद करून डिझेल वाचवणारे महाभाग आपल्या ओळखीतही असतील. त्यांना हे वाचून दाखवा.

पण प्रत्येक वेळी दोष ड्रायव्हरचाच, असे मानणे हीसुद्धा दुसऱ्या टोकाची पळवाट आहे.

माझ्या ओळखीचा भामा खोऱ्यातला एक तरुण आहे. मोशीच्या उपबाजारात भाजी आणतो. पिकअप घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. चाकणला तळेगाव चौकाच्या अलीकडे पेडल एकदम कडक झाले. पुढे कामगारांची बस होती. गाडी थांबली, ती बसपासून हातभर अंतरावर. शेजारी त्याचे वडील होते.

तो गाडी दुरुस्तीला घेऊन गेला. तिथे उत्तर मिळाले, ‘नवीन गाडी आहे, पेडल जरा कडकच असते. होईल सेट.’ संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, मलाच चालवता येत नाही, असं ते म्हणतात. दहा वर्षं झाली मला टेम्पो चालवून.”

मी विचारले, “ब्रेक दाबल्यावर केबिनमध्ये सूं असा आवाज येतो का रे?”

“येतो की! पण मला वाटलं, नव्या गाडीत येत असेल.”

दुसऱ्या दिवशी तो हट्टाने पुन्हा गेला आणि समोर उभा राहून तपासून घेतले. बूस्टरकडे जाणारी नळी क्लिपखाली चिरलेली निघाली. वीस मिनिटांत नवी बसली, पैसेही घेतले नाहीत. सगळे छान झाले. फक्त जुनी नळी त्याला दाखवून कचऱ्यात गेली, आणि जॉबकार्डवर लिहिले गेले, ‘ब्रेक चेक केला, ओके.’

मला खटकली ती ही ओळ. ती नळी एकट्या त्याच्याच गाडीत चिरलेली होती, की त्या आठवड्यात बनलेल्या शेकडो गाड्यांत? ‘ओके’ या शब्दातून ते कधीच कळणार नाही. दुसऱ्या कुठल्या गावात दुसऱ्या कुणाच्या पुढे बस असेल, आणि तिथे हातभर अंतर शिल्लक राहीलच असे नाही.

नोंद झाली तरच मोजणी

असे दोष मोठ्या प्रमाणावर निघतात, याला पुरावे आहेत. २०१८ साली मारुतीने ५२,६८६ नव्या स्विफ्ट आणि बलेनो गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. संशय होता ब्रेकच्या व्हॅक्यूम नळीवर. म्हणजे आमच्या भामा खोऱ्यातल्या दुखण्याचेच नाव! सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने चौतीस लाखांवर पिकअप आणि तत्सम मोठ्या गाड्या बोलावल्या. त्यांचा व्हॅक्यूम पंप काळाच्या ओघात कमी ओढू लागे आणि पेडल कडक होई. याच कंपनीचा कारखाना २००८ पासून २०२० पर्यंत आपल्या तळेगावला होता. अर्थात त्या पिकअप तिथल्या नव्हेत. २०२२ मध्ये मर्सिडीजनेही जगभरातून जवळजवळ दहा लाख जुन्या गाड्या बोलावल्या. तिथे बूस्टरलाच गंज चढण्याची भीती होती. म्हणजे गाडी लाखाची असो की कोटीची, पडदा, नळी आणि डबा सगळ्यांचा सारखाच.

पिकअपचे म्हणाल, तर २०२१ मध्ये महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप तपासणीसाठी बोलावल्या. निवेदनात ‘फ्लुइड पाइप’च्या जोडणीत कसर असल्याची शंका व्यक्त केली होती. ती ब्रेकचीच नळी होती, असे मी म्हणत नाही. सांगायचे एवढेच, की कंपनीने स्वतःहून गाड्या बोलावणे ही लाजेची गोष्ट नाही. लाज वाटावी ती ‘होईल सेट’ची.

आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये अशा रिकॉलची संहिता केली, पण ती ऐच्छिक होती. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने सरकारला सक्तीचा अधिकार दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू आहेत. सक्तीने गाड्या बोलावण्याची पाळी आली, तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण सरकार हा आदेश ज्या आधारांवर देते, त्यांतला एक महत्त्वाचा आधार म्हणजे मालकांच्या तक्रारींची संख्या. तक्रार कागदावर नसेल, तर मोजणार काय, कपाळ?

आणखी एक गोष्ट. नव्या मालवाहू गाडीला पहिले फिटनेस प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते. तोवर सरकारी तपासणीसाची नजर तिच्यावर पडायचे कारण नाही. म्हणजे त्या दोन वर्षांतला पहारेकरी मालक स्वतःच.

म्हणून दुरुस्तीला गाडी दिली, की जॉबकार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावे: पेडल कडक झाले की तळाला गेले, इंजिन चालू होते की बंद, गाडीत माल किती होता. भाग बदलला तर त्याचे नाव लिहून घ्यावे, जुन्या भागाचा फोटो काढावा. ‘धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक मंचात दाद नाही,’ असे कोणी सांगितले, तर घाबरू नये. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी घेणारा कायद्याने ग्राहकच आहे.

मालकाचीही बाजू आहे. टनाच्या गाडीत दोन टन कांदा भरला, तर कुठला बूस्टर पुरा पडणार? ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. साधे डॉट-३ ऑइल नवे असताना २०५ अंशांपर्यंत टिकते. पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक पुरेसा होतो. ऑइल वेळच्या वेळी बदलणे हे आपले काम.

आणि घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून उभी करा. पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग ते दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले, तर बूस्टर बरा आहे. जागचे हलले नाही, तर त्या दिवशी भाडे घेऊ नका. एक मिनिटाचे काम आहे. रविवारी मुलांनाही दाखवता येईल.

आपल्या पट्ट्यात क्लिप बसवणारे, नळी तपासणारे, जॉबकार्ड लिहिणारे आणि गाडी चालवणारे हात एकाच वस्तीत, कधी एकाच घरात राहतात. पुढच्या वेळी कोणी ‘ब्रेक फेल झाला हो’ म्हणाले, तर नुसती मान हलवू नका. पेडल कडक झाले होते की तळाला गेले होते, एवढे जरूर विचारा.